वाचक विचारतात: खालची पानं पिवळी का पडतात?

या खेपेच्या टपालात ज्वारीच ज्वारी आहे. हुरड्याच्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यातून दुसरं काय येणार म्हणा! माझी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, आणि पोरं फुलाचा धडा पाठ करतात, पानाचा ऑप्शनला टाकतात ही माझी जुनी तक्रार. त्यामुळे पानांवरची पत्रं आधी घेते.

मंगळवेढ्याहून एक शेतकरी लिहितात: बाई, माझी कोरडवाहू मालदांडी आहे. दाणा दुधात आलाय आणि खालची चार-पाच पानं पिवळी पडून वाळायला लागलीत. शेजारी म्हणतो युरिया टाक. औषधाच्या दुकानात ‘पिकाची प्रतिकारशक्ती वाढवणारी एन्झाइमं’ म्हणून एक बाटली दाखवली. बांधाला लागून चुलतभावाची ज्वारी आहे, वाण वेगळा, पेर एकाच आठवड्यातली. ती अजून हिरवीगार. माझं काय चुकलं?

चुकलं काहीच नाही. बाटली घेऊ नका, युरियाही राहू द्या. दाणा भरत असताना कोरड्या रानात टाकलेल्या युरियाला मुळाशी नेणारी ओलच आता वरच्या थरात उरलेली नाही.

आधी एक करा. अर्धवट पिवळं झालेलं एक पान खोडापासून सोलून काढा आणि उन्हाकडं धरून बघा. टोक वाळून करडं झालं असेल. त्याखाली पिवळा भाग, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी निमुळता होत उतरलेला. खोडाकडचा भाग मात्र अजून हिरवा. ज्वारी, गहू, ऊस, हराळी या गवतकुळातल्या सगळ्यांची पानं बुडाकडून वाढतात. टोक आधी बाहेर पडतं, बूड शेवटी. म्हणून एकाच पानात टोक म्हातारं आणि बूड तरुण. म्हातारपण कुठवर आलंय ते बोट ठेवून दाखवता येतं. आंब्याच्या पानात ही सोय नाही.

पिवळेपणा खालच्या पानापासून आणि पानात टोकापासून सुरू झाला असेल, तर तो झाडानं स्वतः चालवलेला कारभार समजा. पानातला बराचसा नत्र हरितलवकांतल्या प्रथिनांत अडकलेला असतो. दाणा भरायला लागला की वरून ओढ लागते आणि खालची पानं ही प्रथिनं मोडायला घेतात. मोडणारी एन्झाइमं पान स्वतःच बनवतं, त्यातली काही तर खास याच वेळेला, नव्यानं. सुटी झालेली अमिनो आम्लं शिरांमधून कणसाकडं जातात. स्फुरद आणि पालाशही बऱ्यापैकी निघून जातात. गव्हात तर दाण्यातला निम्म्याहून जास्त नत्र असा जुन्या पाना-खोडांतूनच आलेला असतो. तेव्हा तुमच्या भाकरीतल्या प्रथिनाचा एक हिस्सा या पिवळ्या पानांनी दिलेला आहे.

सगळं शिस्तीत चालतं. बिऱ्हाड हलवताना आपण भांडीकुंडी आधी बांधतो, पण दिवा आणि कडीकुलूप शेवटच्या खेपेपर्यंत ठेवतो. पानही हरितलवकं आधी मोडतं. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि हुकूम सोडणारं केंद्रक शेवटपर्यंत शाबूत ठेवतं.

राखणही शेवटपर्यंत ठेवावीच लागते, कारण या कामात धोका मोठा. प्रथिनाच्या पकडीतून सुटलेलं हरितद्रव्य ऊन तर पकडत राहतं, पण ती ऊर्जा पुढं द्यायची सोय मोडलेली असते. मग ती ऑक्सिजनला जाते आणि त्याची पेशी पोळणारी घातक रूपं तयार होतात. म्हणून पान हरितद्रव्याला मोकळं सोडत नाही. एकामागून एक एन्झाइमं त्यातला मॅग्नेशियम काढतात, शेपटी तोडतात, कडं फोडतात आणि उरलेला बिनरंगी, निरुपद्रवी ऐवज पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन ठेवतात. हिरवा गेला की आधीपासून तिथंच असलेला पिवळा दिसायला लागतो.

तरीही ठिणग्या उडतातच. त्यातली एक म्हणजे सुपरऑक्साइड. तिला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलतं, आणि कॅटॅलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. पान म्हातारं होऊ लागलं की कॅटॅलेज घटत जातं, पेरॉक्साइड साचू लागतं, आणि हे साचणं हाच पुढच्या म्हातारपणाला इशारा ठरतो. उलट पेरॉक्सिडेज नावाचं तिसरं एन्झाइम म्हाताऱ्या पानात बहुधा वाढलेलं सापडतं. ते पेरॉक्साइड वापरून पेशीभित्तीत लिग्निन बसवतं, म्हणजे भिंत टणक करतं आणि बुरशीची वाट अवघड करतं. एक राखणदार थकतो तेव्हा दुसरा बाह्या सरसावतो, असं साधारण चित्र आहे. पाण्याचा ताण आणि वाढतं ऊन एकदम आलं की हा तोल बिघडतो, पेशींची आवरणं फाटतात आणि नत्र वर पोचायच्या आतच पान वाळून जातं. नुकसान होतं ते इथं.

आता ती बाटली. एन्झाइम म्हणजे भलं मोठं प्रथिन. ज्वारीच्या पानावर मेणाचा थर असतो. पान बोटानं पुसलं तर पांढरट भुकटी लागते, ती हीच. त्या थरातून एवढा मोठा रेणू आत पेशीत जात नाही. गेला असता तरी आत मोडतोडीचंच काम जोरात चाललेलं आहे, त्यात तोही मोडला असता. पैसे भाकरीसोबतच्या शेंगाचटणीवर घाला.

चुलतभावाच्या हिरव्या रानाचं काय? हिरवं राहणं दोन तऱ्हेचं असतं. पहिल्या तऱ्हेत हरितद्रव्य मोडणारी यंत्रणाच बिघडलेली असते. पान आतून संपलेलं, रंग तेवढा शिल्लक. मेंडेलच्या वाटाण्यातला हिरवा दाणा हा याच बिघाडाचा. त्यानं निष्कर्ष छापले १८६६ साली आणि त्यामागचं जनुक सापडलं २००७ मध्ये. दुसऱ्या तऱ्हेत पान खरोखर काम करत असतं. ज्वारीत या दुसऱ्या गुणासाठी जगभर वापरला गेलेला बी-३५ हा वाण मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आला. त्याच्या अभ्यासातून कळलं की इथली किमया पानात कमी, पाण्याच्या हिशेबात जास्त. ज्वारीचं असं ताट (धांडा) फुटवे कमी काढतं, फुलोऱ्याआधी पानांचा पसारा आवरता ठेवतं आणि वाचलेली ओल दाणा भरताना वापरतं. आपल्या सोलापुरातल्या रब्बी ज्वारीच्या केंद्रावर किंवा मोहोळच्या संशोधन केंद्रावर पुढच्या पेरणीआधी एक चक्कर मारा, तुमच्या जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण सुचवतील. मालदांडी ३५-१ ही मोहोळचीच निवड, १९३० च्या दशकातली. तिला उगाच नावं ठेवू नका; खोल काळ्या रानात ती अजून मान खाली घालत नाही.

दोघांच्या रानात खरी तपासणी पानाची नको, खोडाची करा. बुडाचं दुसरं-तिसरं कांडं चिमटीत दाबा. घट्ट लागलं तर पिवळ्या पानांची चिंता सोडा. पिचलं, तर उभं चिरून बघा. आतला गर विरून नुसते तंतू उरलेत आणि त्यांवर काळ्या मिरीच्या भुकटीसारखे बारीक कण दिसतायत? मग तो खडखड्या. ही बुरशी जमिनीत असतेच. दाणा भरताना ताण पडला, पानं लवकर गेली की कणीस खोडातली साखर ओढून घेतं, खोड निर्धन होतं आणि बुरशी मुळांतून वर चढते. ताटं लोळायला लागतात. पानं कामाची हिरवी राहणाऱ्या वाणांना खडखड्या कमी लागतो तो याचसाठी. शेतात तो दिसलाच तर दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आलाय का बघा. आला असेल तर दाणा पक्व झालाय. वाट न बघता काढणी उरका. संरक्षित पाण्याची सोय असेल तर पुढच्या वर्षी पहिली पाळी पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना द्या, दुसरी दाणा भरताना.

सोलापूर शहरातून एक वाचक विचारतात: संकष्टीला लागणाऱ्या दुर्वा आदल्या दिवशी आणून डब्यात ठेवते. दोन दिवस राहिल्या तर पिवळ्या पडतात. कुंडीतल्या मात्र आठवडाभर तशाच. असं का?

तोडलेलं पान आणि अंधार, दोन्ही एकत्र आलं. अंधारात साखर बनत नाही, मुळाकडून येणारं सायटोकायनिन हे तारुण्य टिकवणारं संप्रेरक बंद होतं, आणि पान आपलीच प्रथिनं मोडून दिवस काढायला लागतं. प्रयोगशाळेत म्हातारपण लवकर आणायचं असलं की सातू-ओटची पानं कापून अंधारातच ठेवतात. दुर्वा न धुता, किंचित ओलसर सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थंडीत एन्झाइमं सुस्तावतात. धुवायच्या त्या पूजेच्या वेळी.

सायटोकायनिनवरून एक गंमत. तांबेरा पडलेलं गव्हाचं म्हातारं पान मिळालं तर नीट बघा. सगळं पान पिवळं आणि तांबेऱ्याच्या पुळीभोवती मात्र हिरवं कडं. बुरशीला जिवंत पेशी खायची असते, म्हणून ती तेवढ्या जागेत सायटोकायनिन वाढवून तिला म्हातारं होऊच देत नाही. स्वार्थ, दुसरं काय.

सोलापूरची बारावीतली विद्यार्थिनी: मॅडम, आमच्या प्रोजेक्टला ‘पानाचं वय आणि एन्झाइम’ हा विषय आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर नाही. घरी काही करता येईल का?

येईल, आणि चांगलं येईल. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, आपल्याकडं बहुधा सहा टक्क्यांचं. लेबल वाच. सहा टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून तीन टक्क्यांचं कर. हातात मोजे घाल, डोळ्यांपासून लांब ठेव.

ज्वारीचं किंवा मक्याचं एकच अर्धवट पिवळं पान घे. वेगवेगळ्या झाडांची पानं आणू नकोस, वय सोडून दहा गोष्टी बदलतील. बुडाचा हिरवा, मधला फिकट आणि टोकाकडचा पिवळा, असे तीन भाग कर. वाळलेलं टोक टाकून दे. कागदाला भोकं पाडायच्या पंचिंग मशीननं प्रत्येक भागातून सारख्याच चकत्या काढ. वजनावर जाऊ नकोस. म्हाताऱ्या पानात पाणी कमी असतं, सारख्या वजनात कोरडा ऐवज जास्त येतो आणि तुलना फसते. चकत्या थोड्या गार पाण्यात खलबत्त्यात वाट, अरुंद परीक्षानळीत घाल, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक म्हणजे फेस टिकेल, आणि वरून पेरॉक्साइड सोड. फेस किती उंच चढतो ते पट्टीनं मोज. हा फेस म्हणजे कॅटॅलेजनं सोडलेला ऑक्सिजन. चौथ्या नळीत हिरव्याच भागाच्या चकत्या पाच मिनिटं उकळून वापर. तिथं फेस आला नाही तर एन्झाइमनंच काम केलं असं म्हणायला तुला आधार मिळेल.

काम सकाळी कर. सोलापूरच्या दुपारी पान दप्तरातून कॉलेजला नेशील तोवर त्यातलं निम्मं नाट्य संपलेलं असेल. ओल्या फडक्यात, शेजारी बर्फ, अशी ने-आण कर. वाटलेला रस ठेवून दिला की तपकिरी होतो; तो फिनॉल ऑक्सिडाइझ करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा उद्योग, म्हणून वाटल्याबरोबर मोज.

हिरव्यात फेस जास्त आणि पिवळ्यात कमी येईल, बहुतेक. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की ‘म्हाताऱ्या पानाची संरक्षण-एन्झाइमं संपली का?’ तर हो म्हणू नकोस. एक तर पिवळ्या भागात एकूण प्रथिनच कमी झालंय, त्यामुळे दर चकतीमागं घट आणि दर मिलिग्रॅम प्रथिनामागं घट या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरं, पेरॉक्सिडेजही पेरॉक्साइड संपवतं, पण ऑक्सिजन सोडत नाही. त्याचं काम तुझ्या फेसात दिसणारच नाही. जर्नलमध्ये हे दोन मुद्दे लिहिलेस तर परीक्षक खुर्चीत सावरून बसतील.

इतिहास लिहायचाच असेल तर थोडक्यात: कॅटॅलेजला हे नाव १९०० च्या सुमारास ऑस्कर लोव्ह यांनी दिलं, तेही तंबाखूच्या पानांवर काम करताना. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचं काम १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं, गाईच्या रक्तातून काढलेल्या प्रथिनावर.

सांगोला तालुक्यातून: कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापून नेलं, पाणी नव्हतं, बुडख्यांना सुकलेले फुटवे आले. शेळ्यांनी ते खाल्ले आणि दोन शेळ्या तासाभरात गेल्या. लोक म्हणतात किराळ लागली. त्याच शेळ्या वाळका कडबा रोज खायच्या. कोवळ्यातच विष कसं?

वाईट वाटलं वाचून. लोक बरोबर म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याला फोडणारं एन्झाइमही त्याच पानात, पण वेगळ्या पेशींत. दोघांची गाठ पडत नाही तोवर पानाला काही होत नाही. जनावरानं चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोवळेपणी पानाला ना लिग्निनचा टणकपणा असतो, ना सिलिकाची धार. म्हणून हे रासायनिक शस्त्र. पान मोठं होत जातं तसं धुरिन कमी होतं, झाड त्यातला नत्रही मोडून परत वापरतं, आणि राखणीचं काम जाड भित्तीकडं आणि सिलिकाकडं जातं. कापणीनंतरचे फुटवे, त्यातही पाण्यावाचून खुंटलेले, हे सगळ्यात वाईट. नीट वाळवलेल्या कडब्यात बरंचसं सायनाइड उडून गेलेलं असतं.

कडवळ फुलोऱ्यात आल्याशिवाय टाकू नका, खुंटलेल्या फुटव्यांत जनावर सोडू नका, आणि उपाशी जनावर तर मुळीच नाही. धाप, तोंडाला फेस, हिरड्या लालभडक दिसल्या तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका, पशुवैद्यकाला बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

एक निवृत्त गृहस्थ, सोलापूर: गव्हांकुराच्या रसात ‘जिवंत एन्झाइमं’ असतात, त्यानं म्हातारपण लांबतं, असं सांगतात. सून रोज पेलाभर देते. खरं आहे का?

सुनेची माया खरी आहे. कोवळ्या गव्हाच्या पानात ही एन्झाइमं भरपूर असतात हेही खरं. पण पोटातल्या आम्लात आणि पेप्सिनसमोर त्यांची गत इतर कुठल्याही प्रथिनासारखीच होते, डाळीच्या आमटीसारखी पचून जातात. हरितद्रव्याचं रक्त होतं हेही ऐकीव. रेणूचा सांगाडा हिमोग्लोबिनसारखा दिसतो, पण एकात मॅग्नेशियम, दुसऱ्यात लोह, आणि शरीर एकाचं दुसरं करत नाही. हिरवी पालेभाजी म्हणून रस प्या. ट्रेमध्ये बुरशी दिसली तर ओतून द्या. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हिरव्या पानातलं के जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करतं.

माळशिरसहून ऊस उत्पादक: दोन प्रश्न. उसाची वरची, पोंग्याजवळची पानं पिवळी आणि खालची हिरवी, हे म्हातारपण उलटं कसं? आणि पाचट कुजवताना त्यावर युरिया टाकायला सांगतात. पाला कुजून खतच होणार, मग वरून खत कशाला?

पहिलं म्हातारपण नव्हेच, तो केवडा. आपल्या चुनखडीच्या रानात लोह असून मुळांना मिळत नाही. नत्र जुन्या पानातून नव्यात जातो, लोह सहसा जात नाही, म्हणून उपाशी राहतं ते नवं पान. जवळून बघा, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी-पांढरी दिसेल. माती तपासून फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या. नत्र वाढवून केवडा जात नाही.

दुसऱ्याचं उत्तर मंगळवेढ्याच्या पत्रात अर्धं आलंय. पाचट म्हणजे झाडानं नत्र काढून घेऊन मग सोडलेलं पान. त्यात नत्र उरतो जेमतेम अर्धा टक्का, बाकी सगळा कर्ब, लिग्निन आणि सिलिका. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतो. पाचटात मिळाला नाही की ते तो जमिनीतून घेतात आणि खोडवा फिका पडतो. म्हणून टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक, अशी आपल्याकडची शिफारस आहे. पेटवू नका, उरलासुरला नत्र धुरात जाईल. पाचट सरीत दाबून बसवा, वरून हे सगळं पसरा आणि पाणी सोडा. बुडख्यांवर ढीग राहिला तर फुटवे कोंडतात, तेवढं हातानं बाजूला सारा.